मास्तरांच्या मुलीला पिवळी गाडी

हार्लन टॉलेफसनला जन्मात कुणाला धड नाही म्हणता आलं नव्हतं, आणि आता पन्नाशीत त्याला एकच नकार द्यायचा होता. त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीने, ब्रिटाने, हॅगेनफोर्डला जाऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पण हे म्हणणं तोंडाने म्हणायचं कसं, ते काही त्याला सुचत नव्हतं.

ब्रिटा आइस हॉकी खेळायची. गोलकीपर होती आणि गोलपुढून हलायची म्हणून नाही. हॅगेनफोर्डच्या मोठ्या संघाने तिला निवड चाचणीला बोलावलं होतं. निवड झाली की हिवाळाभर तिथेच कुठल्यातरी अनोळखी कुटुंबात राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं, आणि सुटी मिळाली तर रविवारी घरी तोंड दाखवायचं. संघाची अट एकच होती. बाहेरगावच्या मुलींनी स्वतःची गाडी आणावी, कारण बर्फाचं मैदान गावाबाहेर होतं आणि सराव उजाडायच्या आत. तेव्हा मामला सरळ होता. गाडी मिळाली तर मुलगी गेली. नाही मिळाली तर ती घरीच, संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर, हार्लनच्या समोर.

म्हणून हार्लन सगळा उन्हाळा मन लावून गाडी शोधत होता. इतक्या कसोशीने आमच्या भागात कुणी सोयरीकही शोधली नसेल. एक गाडी फार जुनी निघाली, एक फार नवी. एकीचा मालक जरा जास्तच हसत होता. एकीत आधीच्या मालकाच्या कुत्र्याचा वास येत होता. मालकाने गाडी धुऊन वास घालवला, तेव्हा हार्लन म्हणाला, आता त्या वासाखाली काय दडलं होतं कुणास ठाऊक. बायको लाव्हॉन हे सगळं बघत होती. ती शेतावरच्या घरांतून फिरून आजाऱ्यांची देखभाल करणारी नर्स होती. घरातली गाडी एकच, तिची व्हॅन, आणि ती तिला रोज लागायची, त्यामुळे ती ब्रिटाला देण्याचा प्रश्न नव्हता. लाव्हॉन एवढंच म्हणायची, "तुला काय ते कळतं." या वाक्याचा अर्थ जगातल्या कुठल्याही नवऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

आणि गाडीतलं त्यालाच कळतं, हे गावाने कधीच मान्य केलेलं होतं. हार्लन आमच्या गावच्या, ऑस्टरडालच्या, शाळेत मुलांना गाडी चालवायला शिकवायचा. गावात चाकामागे बसलेला कुणीही घ्या, पास्टरबाई घ्या नाहीतर साखरेच्या बीटचे ट्रक हाकणारे घ्या, तो टॉलेफसन सरांच्या हाताखालून गेलेला. सरांची शिकवण दोन गोष्टींत मावायची. एक, शंका आली की थांबा आणि समोरच्याला जाऊ द्या. शंका आली नसेल तरी थांबा, म्हणजे येईल. दोन, मुलाची पहिली गाडी जड हवी, मंद हवी, आणि अशी हवी की त्याच्या मित्रांना आत बसायची लाज वाटावी. असल्या गाडीचं चित्र ते दर वर्षी फळ्यावर काढायचे. मुलांना ते फ्रिजचं वाटायचं.

अशा माणसाच्या दारात पिवळी गाडी आली ती ऑर्डेल नायगार्डमुळे.

ऑर्डेल ऐंशीला टेकलेला, धान्याच्या कोठारावरचा निवृत्त व्यवस्थापक. बायको गेल्यावर एकदा तो शहरात दात दाखवायला म्हणून गेला आणि वापरलेली स्पोर्ट्स कार घेऊन परत आला. दोन दारांची, पिवळीजर्द, पोट जमिनीला घासेल इतकी बसकी, आणि पाठीवर भलामोठा पंख. गावाने गाडीभोवती फेरी मारली आणि "वेगळीच आहे" असं म्हटलं. आमच्याकडे यापेक्षा कडक शब्द नाही. ऑर्डेल इतका खजील झाला की गाडी गॅरेजात गेली ती गेलीच. शिवाय तिच्यात त्याला बसता यायचं, पण उठता यायचं नाही. पहिल्या दिवशी अख्खी दुपार त्याने आत बसूनच काढली, कारण हाक मारायची म्हणजे कुणालातरी त्रास.

ब्रिटाला गाडी हवी आहे हे कानावर आलं तसा त्याने फोन केला. हार्लनला तर हायसं वाटलं. इतके दिवस त्याला चांगल्या गाड्यांत खोट काढावी लागत होती. ही तर आयती मिळाली. पोरीच्या हातात असली गाडी नको, हे सांगायला गाडी शिकवणाऱ्या मास्तराला तोंड लपवायचं कारण नव्हतं. ब्रिटाला तो म्हणाला, बघून येतो. आणि रस्ताभर नकाराची तालीम करत चालत गेला.

आता आमच्याकडची रीत अशी की कुणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं. ते नको कुणी धरत नाही, ते नुसते शिष्टाचार. तिसऱ्यांदा आग्रह झाला की "बरं, थोडंसंच" म्हणून घ्यायचं. तिसऱ्यांदाही जो नको म्हणेल त्याचा नकार खरा. हार्लनची सगळी तयारी त्या तिसऱ्या नकाराची होती.

ऑर्डेलच्या स्वयंपाकघरात कॉफी झाली. गॅरेजात जाऊन दोघांनी गाडीकडे बघितलं. ऑर्डेलने गाडी देऊ केली. हार्लन म्हणाला, छे, आम्हाला कशाला. ऑर्डेलने पुन्हा देऊ केली. हार्लन म्हणाला, नको नको, तुमची लाडकी गाडी. आणि मग तो खांदे सरळ करून तिसऱ्या आग्रहाची वाट बघत उभा राहिला.

तिसरा आग्रह आलाच नाही.

"तुझं बरोबर आहे," ऑर्डेल म्हणाला. "असली गाडी कोण घेणार. मी आपलं उगाच विचारलं." आणि खिशातून रुमाल काढून तो गाडीच्या टपावर नसलेली धूळ पुसायला लागला.

म्हातारा माणूस, घरात एकटा, त्याने देऊ केलेली वस्तू दोन नकारांतच मागे घ्यावी लागली, आणि समोर उभा राहून हे बघणारा हार्लन. शिष्टाचाराचे नकार म्हाताऱ्याने खरे धरले होते. खरा नकार द्यायची जागाच उरली नव्हती.

"तसं नाही हो, ऑर्डेल. गाडी चांगली आहे."

"तू आपलं माझं मन राखायला बोलतोस."

"मन कसलं राखतोय? मला आवडली."

"पण पोरीला शोभायची नाही."

"का नाही शोभायची? अहो, सोळाव्या वर्षी नाही शोभणार तर काय माझ्या वयात शोभणार?"

हे आपणच बोललो हे हार्लनला जरा उशिरा कळलं. तोवर ऑर्डेलने रीतीप्रमाणे गाडी द्यायला दोनदा नकार दिला होता, आणि हार्लनला तिसऱ्यांदा गयावया करून ती मागून घ्यावी लागली होती. किमतीचं ऑर्डेल बोलेचना. पोरीने आधी चालवून बघू दे, रुळली तर मग बघू, म्हणाला. वर हार्लनच्या हातात ओव्हनमध्ये भाजून केलेली एक हॉटडिश दिली, मांस आणि भाज्यांची, वरून बटाट्याचा थर दिलेली. बायकोच्या अंत्यविधीला लोकांनी इतक्या आणल्या होत्या की फ्रीझरमध्ये अजून उरल्या होत्या. अशा रीतीने हार्लन टॉलेफसन स्वतः पिवळी गाडी चालवत भर गावातून घरी आला, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला त्याने हात केला.

ब्रिटा बाहेर आली, गाडी बघितली, "छान आहे," म्हणाली आणि शांतपणे घरात गेली. मग न्हाणीघरातून टॉवेलमध्ये तोंड खुपसून मारलेली किंकाळी ऐकू आली. लाव्हॉनने नवऱ्याच्या हातातली हॉटडिश घेतली आणि ओव्हन लावला.

हार्लनने अजून हार मानली नव्हती. आपल्याला नाही म्हणता येत नाही ना, मग गावाला म्हणू दे. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीला त्याने विषय काढला. कोवळ्या पोरीच्या हातात, तेही पहिल्याच वेळी, अशी पळणारी गाडी द्यावी का, तुम्हाला काय वाटतं, असं त्याने सरळ विचारलं. सरांना काहीतरी ऐकायचंय हे सगळ्यांना कळलं. काय ऐकायचंय ते प्रत्येकाने आपल्या परीने ताडलं, आणि एकजात सगळ्यांनी उलटं ताडलं. माणसाने स्वतः चालवत आणलेली गाडी, ती त्याला नकोय असं कोण समजेल?

मग स्तुती सुरू झाली. गाडी बसकी आहे, म्हणजे उलटायची भीती नाही. मागची सीट नावालाच, म्हणजे टोळकं बसायची भीती नाही. रंग असा की पोरगी कुठे आहे ते गावाला घरबसल्या दिसेल. बीटचा ट्रक चालवणारा डेलमार स्कोगेन फारसं बोलत नाही, तोही म्हणाला की ट्रकमधून वरून बघितलं तर गाडी गोंडस दिसते. शेवटी पास्टर मारिट एंगेब्रेटसन यांनी हार्लनच्या दंडावर हात ठेवला.

"सर, तुम्ही शिकवलेल्या मुलीला कुठलीही गाडी द्या. तिच्याकडून कुणाला धक्का लागायचा नाही."

हे मात्र खरं होतं. ब्रिटा परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती, पण वेगामुळे नाही. चौकात ती इतक्यांना पुढे जाऊ देत बसली की परीक्षकाची जेवायची वेळ झाली. तिसऱ्या वेळी रस्त्यावर कुणीच नव्हतं, म्हणून ती पास झाली.

चाचणीचा शनिवार उजाडला. ऑक्टोबर सरत आलेला, गवतावर पांढरं दहिवर, आणि शेतांतून बीटची काढणी जोरात. चाचणी नऊला होती. आता गोलकीपरचं सामान म्हणजे काय, हे ज्याने उचललं त्यालाच माहीत. पिशवी वासराएवढी, पायाचे पॅड गादीएवढे, आणि गाडीच्या डिकीत पाव ठेवला तर लोण्याला जागा उरू नये. पिशवी मागच्या सीटवर कोंबली. काठ्या खिडकीतून बाहेर काढल्या. पॅड कुठेच मावेनात. तेव्हा शेजारच्या सीटवर हार्लन बसला आणि पॅड त्याच्या मांडीवर उभे केले. मास्तर हनुवटीपर्यंत बुजले. पहिले काही दिवस मी शेजारी बसणार, असा त्याचा हट्ट होता. लाव्हॉनने दार बाहेरून ढकलून लावलं आणि मुलीच्या केसांवरून हात फिरवला.

ब्रिटाने गाडी सुरू केली. गाडी वाघासारखी गुरगुरली आणि बैलगाडीच्या वेगाने निघाली. हार्लनने पॅडच्या मागून रस्ता बघायचा प्रयत्न केला आणि पोरगी बरोबर चालवतेय हे बघून त्याला वाईट वाटलं.

गावाच्या मधोमध आमचा एकुलता एक चौक आहे. सिग्नल नाही, चारी बाजूंना थांबायच्या लाल पाट्या आहेत. नियम असा की जो आधी आला तो आधी जाणार, आणि एकाच वेळी आले तर उजवीकडच्याचा मान. त्या सकाळी ब्रिटाची पिवळी गाडी, समोरून पास्टरबाईंची पिकअप, डावीकडून डेलमारचा बीटने भरलेला ट्रक आणि उजवीकडून आपल्या जुन्या गाडीतून ऑर्डेल, असे चौघेही एका क्षणाला येऊन थांबले. आता प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी होतंच. यावर नियमाच्या पुस्तकात उत्तर नाही. टॉलेफसन सरांच्या वर्गात मात्र होतं: हात करा आणि दुसऱ्याला जाऊ द्या.

चौघांनीही हात केला.

एरवी एवढ्यावर कुणीतरी ओशाळून निघतो आणि गाव पुढे चालू लागतं. पण त्या दिवशी चाकामागे सरांची मुलगी होती, पहिल्यांदाच बाहेरगावी निघालेली, आणि तिच्या बुडाखाली ती गाडी होती. पोरीला आधी वाट द्यायची यावर तिघांचंही मनोमन एकमत झालं. आणि आपल्यापेक्षा मोठ्या तीन माणसांना ताटकळत ठेवून पुढे जायचं नाही यावर ब्रिटा ठाम होती. ती पास्टरबाईंना हात करायची, पास्टरबाई तिला. ऑर्डेल दोघींना. डेलमार वरून तिघांना.

शेवटी ब्रिटाने धीर करून क्लच सोडला. गाडीने गुरगुराट करून पुढे उडी घेतली आणि बंद पडली. तिघेही दचकले आणि तिला जास्त जागा हवी असेल असं समजून जरा जरा मागे सरकले. ब्रिटाला शरमेने मेल्यासारखं झालं. आपण घुसखोरी केली असं वाटून तीही मागे सरकली. मग पुन्हा हात. पुन्हा उडी. पुन्हा चौघे मागे. असं होता होता चौघांच्या गाड्या सुरुवातीपेक्षा चौकापासून लांब गेल्या आणि मध्ये लग्नाचा मांडव घालता येईल इतकी मोकळी जागा झाली.

मागे रांगा लागल्या. हॉर्न कुणी वाजवला नाही. आमच्याकडे हॉर्न फक्त हरणांसाठी असतो. कोपऱ्यावरच्या कॅफेची मालकीण कॉफीचं भांडं घेऊन गाडीगाडीपाशी फिरू लागली, आणि प्रत्येकाने तिला रीतीप्रमाणे दोनदा नको म्हटल्यामुळे आणखी वेळ गेला. शेरीफचा माणूस आला. तोही सरांचाच विद्यार्थी. त्याने पोलिसी गाडीवरचे दिवे लावले, मग कुणाला ओशाळल्यासारखं होईल म्हणून विझवले, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. डेलमारने इंजिन बंद केलं. कुणीतरी घडीची खुर्ची उघडली.

हार्लन पॅडमागून बँकेच्या पाटीवरचं घड्याळ बघत होता. आणखी थोडा वेळ गेला की नऊला पोहोचणं शक्यच नव्हतं. हॅगेनफोर्डचे प्रशिक्षक उशिरा येणाऱ्या मुलींना मैदानावर घेत नाहीत, हे ब्रिटानेच त्याला सांगितलं होतं. म्हणजे आता काहीच करायची गरज नव्हती. नुसतं बसून राहायचं. पोरगी जाणार नाही, आणि तिला कुणी नाही म्हटलेलं नसेल. दोष कुणाचाच नाही. गाव चांगलं वागलं, एवढंच. हार्लनला इतकं सुटल्यासारखं वाटलं की कॅफेच्या मालकिणीने खिडकीतून कप पुढे केला तो त्याने पहिल्याच वेळी घेतला.

ब्रिटाचं लक्ष घड्याळाकडे गेलं.

"बाबा, आता नाही ना पोहोचत आपण?"

"बघू," हार्लन म्हणाला.

ती समोर बघत राहिली. एक हात चाकावर, दुसऱ्या हाताने अजून पास्टरबाईंना वाट देत होती. हात दुखला असावा, तिने हात बदलला.

"बाबा, तुला मी जायला नकोय ना?"

हार्लनने कॉफीचा घोट घेतला. तोंड पोळलं.

"मला माहितीये," ब्रिटा म्हणाली. "त्या कुत्र्याच्या वासाच्या गाडीपासून माहितीये. तुला नको असेल तर राहू दे. मी इथेच थांबते. मला चालेल खरंच." आणि तिने पास्टरबाईंना आणखी एकदा हात केला.

हार्लनने पोरीकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. ती खरंच थांबली असती. आज या चौकात, उद्या दुसऱ्या चौकात. सगळ्यांना हात करत, सगळ्यांना पुढे जाऊ देत, आपली पाळी कधी आलीच नाही म्हणून तक्रारही न करता. आणि हे तिला दुसऱ्या कुणी शिकवलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की मुलगी जाण्याची भीती घटकाभर मागे पडली.

त्याने दार उघडलं. पॅडसकट बाहेर पडणं सोपं नव्हतं. आधी एक पाय आला, मग एक पॅड, मग कप रस्त्यावर पडून फुटला, मग मास्तर गुडघ्यांवर आले. अख्खं गाव बघत होतं आणि मदतीला जावं की नको या विचारात होतं. हार्लन उठला आणि चौकाच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"सगळे थांबा," तो ओरडला.

सगळे थांबलेलेच होते. पण सरांना ओरडताना कुणी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे जे खुर्चीवर होते तेसुद्धा उठून उभे राहिले.

"सर, पोरीला आधी जाऊ दे असंच आम्ही म्हणतोय," डेलमार ट्रकमधून म्हणाला.

"म्हणू नका. हात खाली घ्या. कुणीही हात करायचा नाही. पास्टरबाई, तुम्हीसुद्धा."

पास्टरबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. हार्लन परत गाडीकडे आला. त्याने पायाचे पॅड उचलले आणि जिथे तो बसला होता तिथे एकावर एक नीट ठेवले. वरून सीटबेल्ट ओढून लावला आणि हलवून बघितला. मग दार लावून तो ब्रिटाच्या खिडकीपाशी आला.

"तू नाही येत?" तिने विचारलं.

"पॅड बसलेत ना तिथे."

"मग तू घरी कसा जाणार?"

"चालत. दिसतंय इथून घर." तो वाकला. गाडी इतकी बसकी होती की त्याला जवळजवळ गुडघे टेकावे लागले. "दोन्ही हात चाकावर ठेव. कुणाकडे बघू नकोस. तुझी पाळी आहे. अजून पोहोचशील. जा."

"आधी ऑर्डेलकाका तरी..."

"ऑर्डेलला कुठे जायचं नाहीये. तो कॉफीला आलाय."

"नक्की जाऊ?"

"ब्रिटा, मला तू जायला नकोयस," हार्लन म्हणाला. त्याचा आवाज फाटला आणि त्याने तो फाटू दिला. "अजिबात नकोयस. तुझी निवड होणार आणि हिवाळाभर रोज रात्री तुझी खोली रिकामी असणार, ते मला सोसणार नाहीये. म्हणून सांगतोय, आत्ता जा. थोड्या वेळाने मी पुन्हा भला माणूस होईन."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले, पण तिने हात चाकावरून काढला नाही. तिने क्लच सोडला. गाडी गुरगुरली आणि या वेळी बंद पडली नाही. पिवळी गाडी सुसाट चौकातून सुटली, डेलमारच्या ट्रकच्या नाकासमोरून, पास्टरबाईंच्या पिकअपला घासून जाईल अशी. खिडकीतल्या हॉकीच्या काठ्या थरथरत गेल्या. कुणाच्या तरी तोंडून "अगं बाई" निघालं. हार्लनने कान लावला. दुसरा गिअर. तिसरा. जिथे टाकायचा तिथेच तिने टाकला होता.

ऑर्डेल मोठ्या कष्टाने आपल्या गाडीतून उतरून त्याच्या शेजारी आला.

"जोरात चालवते का रे ती?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," हार्लन म्हणाला. "बरोबर चालवते."

आमचा मुलूख परातीसारखा सपाट आहे. हॅगेनफोर्डचा रस्ता दोरी धरून आखल्यासारखा सरळ जातो, वाटेत टेकडी नाही, वळण नाही, धड एक झाड नाही. दुसरीकडे कुठे माणूस निघाला की चार पावलांवर दिसेनासा होतो आणि निरोप देणारा आपल्या कामाला लागतो. इथे तशी सोय नाही. जाणारा जातच राहतो आणि बघणाऱ्याला बघतच राहावं लागतं.

हार्लन चौकाच्या मधोमध रस्त्याकडे तोंड करून उभा होता आणि ढसाढसा रडत होता. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही. त्याच्या चारी बाजूंना गाव खोळंबलेलं होतं. डेलमारला बीट कारखान्यावर पोहोचवायचं होतं, पास्टरबाईंना दुसऱ्या गावी एका बाळाला बाप्तिस्मा द्यायचा होता, शेरीफच्या माणसाला बोलावणं येऊन गेलं होतं. सर, जरा बाजूला होता का, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. गाडी बोटाएवढी झाली, मग नखाएवढी, मग नुसता ठिपका उरला, आणि तो ठिपका कितीतरी वेळ तसाच दिसत राहिला. मग तोही दिसेनासा झाला. हार्लन तरीही उभाच होता, आणि कुणीही इंजिन सुरू केलं नाही.